वैजाप्पांचा नंदी

वैजाप्पांबद्दल कुणी चांगलं बोललं की अजूनही माझ्या पोटात दुखतं. साध्या पोटदुखीला ओवा चालतो, हिंग चालतो. ह्या दुखण्याला काहीच लागू पडत नाही. शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसावं, तर तिथल्या निम्म्या माणसांकडे वैजाप्पांची एखादी तरी गोष्ट असते. ती सांगून झाली की सांगणारा हमखास माझ्याकडे वळतो आणि म्हणतो, "पेंटर, तुमाला तर ठावंच असंल." ठाऊक आहे, बाबांनो, मला सगळं ठाऊक आहे. म्हणूनच तर दुखतं.

मी पेंटर आहे. भिंतीचा नव्हे, ट्रकचा. नांदेडला देगलूर नाक्यावर एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो. उस्तादांच्या तोंडात सतत पान, त्यामुळे बोलणं कमी, पण एक वाक्य मात्र ते पान थुंकून सांगायचे, "रंग बहा तो समझ, पेंटर की नाक बही." पत्र्यावरून रंगाचा ओघळ खाली आला, तर तो पेंटरचा शेंबूड. हे मी इतकं मनावर घेतलं की गावी येऊन दुकान टाकल्यापासून माझ्या एकाही ट्रकवर ओघळ सापडायचा नाही. जे ठिबकायचं ते माझ्या सदऱ्यावर. हौद्याची वरची फळी रंगवताना ब्रश गळतो तो खांद्यावर, आणि ब्रशाचं टोक पुसायची सवय तीही खांद्यालाच. कामाचा सदरा वर्षानुवर्षं एकच. रंगावर रंग बसून तो खांद्यांवर पत्र्यासारखा कडक झालाय. बायको म्हणते, "हा सदरा खुंटीला कशाला अडकवता? कोपऱ्यात ठेवला तर आपला आपण उभा राहील."

दुकानांच्या पाट्या फ्लेक्सवाल्यांनी नेल्या, गाड्यांचे नंबर रेडियमवाल्यांनी नेले. माझ्या वाट्याला उरला ट्रक. सगळा ट्रक रंगवून झाला की मागच्या फाळक्यावर, खाली कोपऱ्यात, 'पेंटर दिलीप, शिरूर' एवढं लिहायला मिळतं. तेवढीच माझी जहागीर. त्या जहागिरीत वैजाप्पा चिखलाचे पाय घेऊन आले.

त्यांचं खरं नाव वैजनाथआप्पा. पण एवढं लांब नाव घ्यायला आमच्याकडे कुणाला वेळ आहे? माझ्या दुकानामागच्या गल्लीत, तोंडाशीच त्यांचं घर. धिप्पाड देह, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, बंडीच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी. दुकानावरून जाताना "शरणार्थ, पेंटर!" अशी हाक एवढ्या मोठ्यानं द्यायचे की माझ्या हातातली रेघ हलायची. दुसरी सवय म्हणजे हात फिरवणं. समोर काहीही आलं की आधी त्यावर तळहात फिरवायचा, थोपटायचं, मग बोलायचं. पोत्यावर, मोटरसायकलच्या सीटवर, आडतीच्या भिंतीवर, शेजाऱ्याच्या पोराच्या डोक्यावर. हॉटेलातलं टेबलसुद्धा थोपटल्याशिवाय ते बसत नसत. कुणी हसलं तर म्हणायचे, "डोळ्यानं दिसतंय ते वरचं. हात फिरवल्याबिगर आतला माल कळत न्हाई."

भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा जमीन आणि बैल भावांकडे राहिले आणि वैजाप्पांच्या वाट्याला चुलत्याच्या उदगीरच्या आडतीवरचा एक जुना ट्रक आला. आमच्या गावाला वाटलं, आप्पाला फसवलं. आप्पा मात्र ट्रक घेऊन आले ते त्याच्या नाकावर विभूतीचे पट्टे ओढूनच. नाव ठेवलं नंदी. लातूरला सोयाबीन न्यायचं, तूर न्यायची आणि हंगामात धर्माबादहून मिरची आणायची. मिरची भरून नंदी गल्लीच्या तोंडाशी आला की सगळी गल्ली शिंकायला लागायची. गंगाक्का, म्हणजे आप्पांच्या घरच्या, पहिल्या शिंकेला चुलीवर भाकरीचा तवा ठेवायच्या.

पहिल्यांदा ट्रक रंगवायची वेळ आली तेव्हा आप्पा माझ्याकडेच आले होते. मी आकडा सांगितला. त्यांनी माझं टेबल थोपटलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. तुमच्या हाताचं मोल हाय ते. पर नंदीच्या पोटात डिझेल घालून, पायाला टायर घालून माझ्याकडं काई उरून न्हाई राहिलं." मला वाटलं, आता घासाघीस करतील. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "पेंटर, तुमी बुरूस धुतलेलं टरपेंटाईन फेकून देता का?"

मी म्हटलं, देतो.

"मंग ते माझ्यासाठी ठिवा."

गावात ज्याच्या त्याच्या घरी अर्धा-पाव डबा रंग उरलेला असतो. दाराचा, खिडकीचा, टाकीचा. तो कुणी टाकत नाही, वापरतही नाही. माळ्यावर पडून त्याच्यावर साय धरते. आप्पांनी तो गोळा करायला आणि माझ्या टरपेंटाईननं पातळ करायला सुरुवात केली. कुणाच्या दारात उभे राहून म्हणायचे, "उरलंसुरलं असंल तर द्या, रंग वाळून मरायला नगं." एरवी माझ्याकडून चार अक्षरं काढून घेताना जीव जाणारी माणसं माळ्यावर चढून आप्पांना डबे काढून द्यायची. कुणी पाण्याच्या टाकीचा निळा दिला, हुसेनभाईंनी दुकानाच्या शटरचा हिरवा, एका लग्नघरातून गुलाबी आला. माझ्या दुकानात एवढे रंग शिस्तीनं मांडलेले, पण कुणी आपणहून येऊन मला कधी काही दिलं नाही. हे मी तेव्हाही मोजत होतो.

मग श्रावण लागला आणि आप्पांनी घरासमोरच्या लिंबाखाली नंदी उभा करून रंगवायला घेतला. मला राहवलं नाही. गेलो.

"आप्पा, श्रावणात रंग वाळत नसतो. हवेत ओल आहे. दिवाळीनंतर करा."

"दिवाळीनंतर? मंग पोळा काय थांबून राहतो व्हय?"

"पोळ्याचा आणि ट्रकचा काय संबंध?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारलं होतं की जेवणाचा आणि तोंडाचा काय संबंध. "शिंगं काय दिवाळीला रंगविते का कुणी?"

ब्रश नव्हता, तर घरातला चुना द्यायचा घायपाताचा कुंचा घेतला. काचा झाकायला गंगाक्कांनी पिठाची खळ शिजवून दिली. आप्पांनी त्या खळीनं वर्तमानपत्रं चिकटवली, आणि ती खळ खायला मुंग्या आल्या. मुंग्या ओल्या रंगात अडकल्या. वरून दुपारी भुरभुर आली. आप्पांनी गंगाक्कांचं जुनं लुगडं नंदीवर टाकलं, ते रंगाला चिकटलं, आणि ओढून काढल्यावर बोनेटवर लुगड्याची चौकट उमटली. गंगाक्का पायरीवर बसून बोलत होत्या, "पोरीच्या लग्नात घराला हात लावला न्हाई ह्या माणसानं, आन् ह्या धुडाला रंगवून राहिला." बोलत होत्या आणि अडकलेल्या मुंग्या काडीनं काढतही होत्या.

ओघळांबद्दल तर काय सांगू. कुंच्यानं थापलेला रंग केबिनच्या दारावरून खाली सुटला होता. बोटाएवढे जाड ओघळ, एकाला एक लागून. उस्ताद असते तर त्यांनी तिथंच पान गिळलं असतं. मी म्हटलं, "आप्पा, ओघळ आलेत."

आप्पांनी दारावरून तळहात फिरवला. ओघळांवर तो हळूहळू खाली आला. "ओघळ कुठले? घाम हाय त्यो. काम करणाऱ्या बैलाला घाम येतच असतोय. ज्याला घाम न्हाई, त्यो बैल मातीचा."

पुढे नाकावर त्यांनी नंदीचे डोळे काढले. डावा मोठा झाला, आणि उजव्यापर्यंत येईस्तोवर पांढरा रंग संपला. त्यामुळे उजवा डोळा अर्धवट मिटलेला. आता असा ट्रक बघून कुणी नाक मुरडावं की नाही? पण नंदी पोळ्याला गावातून निघाला तेव्हा लोक रस्त्यावर येऊन उभे राहिले. "डोळा मारून राहिला बघ!" म्हणून पोरं मागं पळाली. बायका पदर तोंडाला लावून एकमेकींना दाखवत होत्या, तो निळा आमच्या टाकीचा, तो गुलाबी आमच्या पोराच्या लग्नातला. समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून हात करायचे. मी रंगवलेल्या ट्रकला आजतागायत कुणी हात केलेला नाही. माझ्या ट्रककडे माणूस बघतो, 'छान आहे' म्हणतो आणि चहा पितो.

एवढंही मी गिळलं असतं. पण नंदी माझ्या दुकानावरून पुढे गेला आणि मला त्याचा मागचा फाळका दिसला. खाली कोपऱ्यात, माझ्याच जागेवर, लिहिलेलं होतं: 'पेटंर दिलिप, शिरुर'.

मी तसाच पळत सुटलो. हॉटेलापाशी ट्रक गाठला. "आप्पा, हे काय?"

"तुमचं नाव."

"पण मी कुठं रंगवलाय?"

"तुमच्या दुकानाम्होरं उभा ऱ्हाऊन बघितलं म्हणून तर जमलं. गुरूचं नाव घातल्याबिगर काम पुरं व्हतंय का?"

माणूस मनापासून बोलत होता, हीच तर अडचण होती. भांडायला धरायला काही हाती लागेना. मी अनुस्वार पकडला. "आप्पा, अनुस्वार चुकलाय. तो 'पे'च्या डोक्यावर पाहिजे, तुम्ही 'ट'च्या डोक्यावर दिलाय."

त्यांनी अक्षरांवर हात फिरवला, टिंब बोटानं चाचपलं. "मंग काय झालं? घरातच हाय की. शेजारच्या खोलीत जाऊन बसलाय."

हॉटेलात जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. मी थिनर आणून नाव पुसायला बसलो. पण सगळ्या ट्रकवर नेमका तेवढाच रंग चोख वाळला होता.

तेव्हापासून दर पोळ्याला आप्पा नंदी रंगवायचे. जुना रंग न खरवडता त्याच्यावरच नवा. आणि दर पोळ्याला माझं नाव, अनुस्वार शेजारच्या खोलीत. नंदी ते नाव घेऊन लातूर, उदगीर, नांदेड, धर्माबाद फिरायचा. एकदा धर्माबादचा मिरचीवाला ड्रायव्हर माझा पत्ता विचारत आला. म्हणाला, "उस्ताद, वो नंदीवाली आँख बना दो मेरे गाडी को."

मी म्हटलं, "वो मैं नहीं बनाया."

तो हसला. "बडे लोग ऐसाच बोलते."

मी किती सांगितलं, पटेना. शेवटी काढून दिले डोळे. मुद्दाम एक मोठा, एक अर्धवट मिटलेला. अगदी माप घेऊन. तो लांब जाऊन बघून आला आणि मान हलवली. "नहीं उस्ताद. वो हँसता. ये गुस्से में दिख रा." आणि खरं होतं. माझ्या हातून निघालेला तो डोळा रागावूनच बघत होता. ड्रायव्हर गेल्यावर मी दुकानाच्या दाराआड तसा डोळा परत काढून बघितला, पुन्हा पुन्हा काढला. एकही हसला नाही. मला डोळे काढता येतात. काय वाटेल ते काढता येतं. तेवढा एक डोळा येत नाही, आणि तो ज्याला येतो त्याला धड ब्रश धरता येत नाही. ह्यावर माणसानं जळू नये तर काय करावं?

पण माझं खरं दुखणं डोळ्याचंही नव्हतं. ते मला कळलं पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला.

खांदेमळण म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला असतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो कोमट पाण्यानं धुवायचा, हळद आणि लोणी लावून मळायचा आणि बैलाच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मी त्या संध्याकाळी माझी उसनी नेलेली शिडी परत आणायला गेलो होतो. बघतो तर आप्पा नंदीच्या खाली शिरलेले. हातात हळद-लोण्याची वाटी, आणि चाकावरच्या कमानपाट्यांना चोळतायत.

"आप्पा, लोखंड आहे ते."

"बैलाचा खांदा तरी कापसाचा असतो का? जिथं वजन पडतंय त्यो खांदा."

चारी पाटे चोळून झाले. मग ते पुढे आले, नंदीच्या नाकावर तळहात ठेवला, आणि एरवी माझी रेघ हलवणारा तो आवाज इतका खाली आणून म्हणाले, की मला जेमतेम ऐकू आलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मी शिडी धरून उभा होतो. आणि मला त्या ट्रकचा हेवा वाटला. हसा खुशाल. आप्पांचा वाटत होता तो निराळा. हा त्या पत्र्याच्या धुडाचा. माझा हात एवढी वर्षं पत्र्यावर चालला. शेकडो गाड्या माझ्या हाताखालून चकचकीत होऊन गेल्या, आणि त्यांच्या मालकांनी डिस्काउंट मागितला. माझ्या कामावर असा तळहात कुणी ठेवला नाही, आणि माझ्या खांद्यावर तर नाहीच. मी शिडी घेऊन घरी आलो आणि बायकोनं 'काय झालं' विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. नंदी एकदा माझ्या हाताखाली यावा. तळापासून खरवडून, खाचखळग्यांत लांबीची पुट्टी भरून, घासून, असा रंगवावा की आप्पांचा तळहात त्यावरून फिरताना थांबला पाहिजे. तोंडातून निघालं पाहिजे, ह्याला म्हणतात काम.

तो दिवस आला, पण सरळ वाटेनं आला नाही. आप्पांच्या डोळ्यांत आधी धूर साचला, मग अंधार. शुगरनं आतून खाल्लं होतं, लातूरच्या डॉक्टरनं हात टेकले. स्टिअरिंग पुतण्याकडे, संगमेशकडे गेलं. पासिंगला गाडी एकरंगी लागेल असं संगमेश कुठून तरी ऐकून आला आणि श्रावणातच आप्पा त्याचा हात धरून माझ्या दुकानात आले. टेबल थोपटलं. "पेंटर, ह्या खेपेला नंदी तुमच्या मनासारखा करा. पैशाचं मातर..."

"रंग तुम्ही आणा, हात माझा," मी म्हटलं. बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही.

लिंबाखालीच काम सुरू केलं. वर ताडपत्री ताणली, म्हणजे भुरभुर नको. आप्पा बाजेवर बसून असायचे. मी खरवडायला लागलो की आवाजाच्या दिशेनं कान करून विचारायचे, "आता कुठला निघून राहिला?"

"निळा."

"त्यो टाकीचा. त्या साली नंदी पुलावर बंद पडला व्हता, धर्माबादच्या वाटंला. मिरचीच्या पोत्यावर झोपलो, सकाळी डोळे उघडंनात." थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"हिरवा."

"हुसेनभाईच्या शटरचा. त्याच्या पोरीचं सामान नंदीतच गेलं नांदेडला. लई रडली पोरगी. फाळका धरून रडली."

असे सगळे थर निघाले. गुलाबी, पिवळा, कुणाच्या देवघराचा शेंदरी. प्रत्येकाच्या खाली एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीत गावातलं कुणी ना कुणी. मला ऐकवत नव्हतं. मी खरवडायची पत्री जोरानं चालवायचो. ओघळ सगळ्यात चिवट होते. ते तासून काढताना मला जे सुख झालं ते उस्तादांना स्वर्गात कळलं असेल. पत्रा उघडा पडला, रेडऑक्साईडचं अस्तर दिलं, लांबी भरली, पाणी मारून घासलं, पुन्हा घासलं. मग तपकिरी रंगाचे हात. डोळे काढले, दोन्ही सारखे, दोन्ही टक्क उघडे. आणि शेवटी फाळक्यावर माझ्या हातानं 'पेंटर दिलीप, शिरूर'. अनुस्वार आपल्या खोलीत.

एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. संगमेश तोंड उघडं ठेवून बघत राहिला. आप्पांनी उठून दारावर तळहात ठेवला. तो सरकन खाली आला, कुठंच थांबला नाही. त्यांनी परत वर नेला, परत तो खाली आला. "लई गुळगुळीत झालाय," ते म्हणाले. "तुमच्या हातात सरस्वती हाय, पेंटर." एवढंच बोलून बाजेवर जाऊन बसले. जे ऐकायचं म्हणून मी एवढी वर्षं थांबलो होतो ते ऐकून झालं होतं, आणि तरी मला आणखी काहीतरी हवं होतं. काय ते माझं मलाच सांगता येईना.

हॉटेलात दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "आप्पाच्या नंदीचा डोळा मारायचा बंद झाला की." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पासिंग झालं. पोळा उद्यावर आला. त्याच सुमारास गल्लीत नालीचं काम निघालं आणि सगळा रस्ता उकरलेला, म्हणून संगमेशनं नंदी बाजाराच्या मैदानात उभा केला होता, दुसऱ्या ट्रकांच्या रांगेत. सणामुळे सगळ्या गाड्या परतलेल्या. मी त्याच रांगेच्या शेवटच्या ट्रकवर एक राहिलेलं नाव उरकत होतो. खांदेमळणीची संध्याकाळ, ऊन उतरलं होतं. बैल धुवून लोक ओढ्यावरून परत येत होते.

पोळ्यानंतर आप्पा आणि गंगाक्का लेकीकडे हिमायतनगरला राहायला गेले. तिथं नातवंडांत रमलेत म्हणतात. त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या संध्याकाळी.

संगमेशनं त्यांना रांगेच्या सुरुवातीला आणून उभं केलं आणि कोमट पाण्याची बादली आणायला तो हॉटेलकडे गेला. आप्पांच्या डाव्या हातात वाटी. पिवळं लोणी मला लांबूनही दिसलं. ते थांबले नाहीत. उजवा हात पुढे करून निघालेच. पहिल्या ट्रकच्या दारावर तळहात फिरवला, मान हलवली. पुढे आले. दुसऱ्यावर फिरवला. तिसरा नंदी होता. त्यांनी त्याच्या दारावर हात ठेवला, वरून खाली नेला, क्षणभर थांबले.

आणि पुढे गेले.

मी हाक मारणार होतो. "आप्पा, तोच तो!" एवढंच तर म्हणायचं होतं. पण मी नुसताच ब्रश डब्यात बुडवत राहिलो. माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, ज्याच्यासाठी केलं त्याला ते हाताखाली येऊनही आपलं वाटलं नव्हतं. आप्पा एकेक गाडी चाचपत येत होते. माझ्या हातच्या गाड्या, दुसऱ्यांच्या हातच्या, सगळ्या सारख्याच गार आणि गुळगुळीत. चेहरा कावराबावरा झाला होता. वाटी सांभाळत, पाय घासत, ते रांगेच्या शेवटापर्यंत आले, आणि पुढे केलेला तो तळहात माझ्या खांद्यावर पडला.

मी ब्रश धरून तसाच उभा राहिलो. आप्पांची बोटं सदऱ्यावरून फिरली. वाळून टणक झालेल्या एका थेंबावर थांबली. तिथून ओघळ धरून खाली आली, पुन्हा वर गेली. दुसरा ओघळ सापडला. मग तिसरा. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"हां," ते म्हणाले. "ह्याला घाम हाय."

वाटीतलं लोणी बोटांवर घेऊन त्यांनी माझा खांदा मळायला सुरुवात केली. चांगला दाबून, जसा बैलाचा मळतात. एक झाला, मग दुसरा. ते मला ट्रक समजत होते की पेंटर, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारायला हिमायतनगरला जाण्याची माझी छाती नाही. मळून झाल्यावर त्यांनी तळहात तसाच ठेवला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि तो खाली आणलेला आवाज काढून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मी काही बोललो नाही. बैल कुठं बोलतो?